जांबोटी-चोर्ल्याच्या वाटेवर रिसॉर्ट काढणाऱ्यांना खुले पत्र

जांबोटी, चिखले, पारवाड, कणकुंबी ते चोर्ला या पट्ट्यात रिसॉर्ट आणि होमस्टे चालवणाऱ्या, आणि यंदा नव्याने काढायला निघालेल्या भावांनो, वहिनींनो,

सप्रेम नमस्कार.

माझं माहेर जांबोटीच्या अलीकडचं. लग्न होऊन बेळगावात आले तरी जत्रेला, सुगीला, कुणाच्या बारशाला त्या रस्त्यानं जाणं सुटलेलं नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या कमानी आणि तारेची कुंपणं मी बघत आले आहे. आपली माणसं जमीन विकून मोकळी होण्याऐवजी स्वतः धंदा उभा करतायत, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्या खानापूर तालुक्यातली किती पोरं गोव्यात हॉटेलांच्या भटारखान्यात राबतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तेच काम आपल्या शेताच्या कडेला करता आलं तर त्यासारखं सुख नाही. पण त्या खोल्या कशा बांधाव्यात, पाहुण्याला काय द्यावं आणि काय मुळीच देऊ नये, याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. हे बोलणं सुचलं ते समुद्रापलीकडच्या एका बेटावर.

यंदाच्या थंडीत आम्ही घरची माणसं श्रीलंकेला जाऊन आलो. बेंगळुरूहून विमानानं कोलंबो, तिथून २०११ साली सुरू झालेल्या द्रुतगती मार्गानं गॉल आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्यानं वेलिगामाच्या बाजूला. वाटेत गॉलचा किल्ला पाहिला. पोर्तुगीजांनी सुरू केलेला, डचांनी भक्कम केलेला, १९८८ पासून जागतिक वारसा यादीत असलेला. त्याबद्दल पुष्कळांनी लिहून ठेवलंय. मला सांगायचंय ते आम्ही उतरलो त्या हॉटेलाबद्दल.

ते रस्त्यावरून दिसत नाही. नारळाच्या बागेत शिरणारी एक मातीची वाट, तिच्या टोकाला उतरत्या कौलांचं लांबलचक घर, मधे चौक, चौकात आधीपासून उभं असलेलं फणसाचं झाड आणि चहूबाजूंनी पडवी. खोल्या मोजक्याच. पडवीपुढे वाळू, वाळूपुढे हिंदी महासागर. फणस न तोडता घराची एक भिंत वळवून घेतलेली दिसते. खोलीत उंच छप्पर, समोरासमोर खिडक्या, मच्छरदाणी आणि पंखा. दुपारी समुद्राचा वारा असा आरपार जायचा की वातानुकूलन कुणाला आठवलं नाही. आणि भाडं? आपल्याकडच्या झगमगीत रिसॉर्टपेक्षा कमी नव्हतं, थोडं जास्तच होतं. तरीही जर्मनीहून, ऑस्ट्रेलियाहून आलेली माणसं तिथे आठवडा-आठवडा राहतात, आणि त्यातली बरीचशी आधी एकदा येऊन गेलेली.

या बांधणीमागे तिथे एक परंपरा आहे. जेफ्री बावा नावाचे श्रीलंकेचे वास्तुरचनाकार होते. शिकले वकिली, घरबांधणीकडे वळले नंतर. १९४८ साली त्यांनी बेंटोटाजवळ रबराचा एक जुना मळा घेतला, लुनुगंगा त्याचं नाव, आणि २००३ मध्ये जाईपर्यंत त्यात फेरफार करत राहिले. खोल वळचण, आतला चौक, अंगण आणि खोली यांच्यामधली मोकळी पडवी, या सगळ्या गावाकडच्या जुन्या घरांच्या युक्त्या त्यांनी मोठ्या हॉटेलांत आणल्या. छपरासाठी त्यांची एक साधी रीत होती: खाली सिमेंटचे पन्हळी पत्रे आणि त्यावर अर्धगोल मातीची कौलं. पाणी पत्रा अडवतो, ऊन कौल अडवतं. कंदलामाला १९९४ मध्ये उघडलेलं त्यांचं हॉटेल डोंगराच्या कड्याला लागून आहे आणि वेलींनी इतकं झाकलंय की दुरून नुसतं रान वाटतं. आज दक्षिण किनाऱ्यावर छोटी हॉटेलं बांधणारे पुष्कळ लोक हीच वाट धरून आहेत.

आता तुमच्या-माझ्या घराकडे या. जांभ्या दगडाच्या भिंती, पुढे सोपा, मागे पडवी, सारवलेलं खळं आणि वर खानापूरची कौलं. आमगाव, कणकुंबी ही कर्नाटकातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावांमधली गावं. त्या पावसाला तोंड देत ही घरं पिढ्यान् पिढ्या उभी राहिली. खानापूरची माती भांड्यांसाठी आणि कौलांसाठी एवढी नावाजलेली की कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था तिथे काढली गेली. असं असताना त्याच पावसात आपण सपाट स्लॅब का टाकतो आहोत? दोन-चार पावसाळ्यांत तो पाझरतो, भिंतींना बुरशी धरते, मग वर निळ्या पत्र्याची शेड येते आणि पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की खोलीत बोललेलं ऐकू येत नाही. पाहुणा पैसे मोजून पाऊस बघायला आलेला असतो. त्याला पडवीत बसवा. कौलावरून गळणाऱ्या पागोळ्या बघत गरम चहा प्यायला मिळाला तर दुसऱ्या कुठल्या करमणुकीची त्याला गरज नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त तिथेच शिकायला मिळालं.

त्या हॉटेलात छापील मेनू नव्हता. सगळे जिला अक्का म्हणायचे ती व्यवस्थापक बाई सकाळी पडवीत येऊन सांगायची, आज अमुक मासा आलाय, आज पालेभाजी चांगली आहे, आज समुद्र खवळलाय म्हणून मासा नाही, फणस करते. आमच्यात शाकाहारी माणसं होती. त्यांच्यासाठी कोवळ्या फणसाची मसाल्यात शिजवलेली पोलोस, नारळाच्या दुधातली मसूरडाळ, ओलं खोबरं, लाल मिरची, छोटे कांदे आणि लिंबू घालून वाटलेलं पोल संबोल. एके दिवशी गोटुकोला नावाच्या पाल्याची कोशिंबीर आली. आपल्या ओलसर बांधावर पसरणारी गोल पानांची ती वेल, जिला आपल्याकडे कुणी एकपानी म्हणतं, कुणी ओंदेलगा. आपण ती तुडवत जातो, तिथे ती पंक्तीत मानानं वाढतात. सकाळी तांदळाच्या पिठाचे कुरकुरीत कडांचे आप्पे, वाटीसारखे खोल. आणि इंडिअप्पा, म्हणजे शिरवाळ्याच म्हणा. कुणी टोस्ट मागितला तर मिळायचा, पण मागावा असं वाटत नव्हतं.

मग दही. श्रीलंकेच्या दक्षिणेला, हंबनटोटा आणि तिस्समहारामाच्या बाजूला, म्हशीच्या दह्याचा मोठा व्यवसाय आहे. रस्त्याच्या कडेला दुकानांत मातीची पसरट मडकी ओळीनं मांडलेली असतात, त्यातच दही लागलेलं. मडकं जादाचं पाणी शोषून घेतं, त्यामुळे दही सुरीनं कापावं असं घट्ट. त्यावर कितुलची काकवी ओततात. काळपट, किंचित धुरकट वासाची, गुळापेक्षा हलकी. कितुल म्हणजे काय हे बघायला अक्कानं आम्हाला बागेमागच्या झाडाकडे नेलं आणि मी बघतच राहिले. तो आपला भेरली माड होता. आपल्या घाटात, ओढ्याकाठी, सावलीत उभा असतो तो. झुपकेदार फुलोरा खाली लोंबणारा, माशाच्या शेपटीसारखी पानं. तिथे माणूस दोर लावून वर चढतो, फुलोऱ्याला खाच पाडून रस गोळा करतो आणि तो आंबायच्या आत आटवतो. आटवला की काकवी, आणखी आटवला की गूळ. हे काम करणारी कुटुंबं आतल्या डोंगराळ भागात आहेत आणि त्यांच्याकडून माल थेट हॉटेलात येतो.

भेरली माडाचा रस उद्यापासून काढा असं मी सांगत नाही. रानातल्या झाडाला हात लावायला वनखातं आहे, रसाला अबकारी खातं आहे. पण बाकीचं सगळं आपल्यापाशी आजही आहे. तालुक्यातल्या रानांत गवळ्यांच्या वस्त्या आहेत, त्यांच्याकडे म्हशी आहेत. मडकं करणारा कुंभार खानापुरात आहे. आणि काकवी? अख्खा बेळगाव जिल्हा उसाचा. गुऱ्हाळातली ताजी काकवी मिळायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही. गवळ्याच्या म्हशीचं दही, खानापूरचं मडकं, वर ही काकवी. एवढं एक पाहुण्याच्या पुढे ठेवून बघा. मडकं रिकामं झालं की धुऊन त्याला घरी न्यायला द्या. तीन घरांत पैसा जाईल आणि पाहुणा चार जणांना सांगेल.

याउलट आज आपल्या बहुतेक ठिकाणी काय मिळतं? पनीरचे पाच प्रकार, गोबी मंच्युरियन, तंदुरी रोटी. मी गेल्या पावसाळ्यात नात्यातल्या एका कार्यक्रमासाठी घाटातल्या एका रिसॉर्टवर गेले होते, नाव घेत नाही. बाहेर रानात अळंबी उगवलेली, गावातली मुलं रस्त्यावर ती विकत बसलेली, आणि आत डब्यातली बटण मशरूम. भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, सार मागितलं तर वाढप्याला ते काय हे ठाऊक नव्हतं. बिचारा दूरच्या राज्यातून आलेला, त्याचा काय दोष. तांबडी भाजी, नाचणीची भाकरी, फणसाची सांदणं, गावठी तांदळाची पेज, करवंदाचं लोणचं, काजूच्या ओल्या गरांची उसळ. हे करणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. त्यांना महिन्याचा पगार देऊन चुलीशी मान द्या. मसाल्याचं यंत्र आणि आचारी बाहेरून आणायची गरज नाही.

आता अंधाराबद्दल. जगात समुद्री कासवांच्या सात जाती, त्यातल्या पाच श्रीलंकेच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. वाळूवर उजेड पडला की मादी माघारी फिरते आणि पिल्लं बाहेर पडली की समुद्राऐवजी दिव्याकडे सरपटत जातात. म्हणून त्या हॉटेलात समुद्राच्या बाजूला एकही उघडा दिवा नव्हता. पायवाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीवर झाकलेले मंद दिवे, बाकी चांदणं. पहिल्या रात्री आमच्यातली मुलं थोडी घाबरली, दुसऱ्या रात्रीपासून झोपायला बोलवावं लागायचं, वाळूवरून उठायला तयार नसायची. आवाजाचंही तसंच. लाटांखेरीज काही नाही. एका खोलीतल्या पाहुण्यांनी मोबाइलवर जोरात गाणी लावली तर अक्का स्वतः जाऊन हसतमुखानं, पण स्पष्ट सांगून आली.

आपल्या घाटात समुद्री कासवं नाहीत. पण पावसाच्या तोंडावर, रोहिण्या-मृगाच्या दिवसांत, झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात, ती लहानपणी आपण सगळ्यांनी पाहिलीयत. त्यांना एकमेकांची खूण दिसायला काळोख लागतो. हॅलोजनचे झोत रात्रभर रानावर सोडले की हे आधी संपेल. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, १९०.४२ चौरस किलोमीटरचं. त्यातल्या बारापेडे गुहांत मोकळ्या शेपटीचं एक वटवाघूळ राहतं, १९१३ साली शास्त्रात नोंदलं गेलेलं. कित्येक वर्षं ते जगात फक्त इथेच आहे असं मानलं जायचं; नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. हे आपल्या दारातलं वैभव. वाघांची ये-जा असलेला, गोव्याच्या म्हादई अभयारण्याला आणि खाली दांडेलीकडच्या काळी व्याघ्र प्रकल्पाला जोडणारा हा पट्टा आहे. तिथे शनिवारी रात्री डीजे लावायचा, आणि सोमवारी फलकावर ‘निसर्गाच्या कुशीत’ असं लिहायचं, हे दोन्ही एका ठिकाणी कसं चालेल? रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा तर २००० सालापासून देशभरचा नियम आहे. मी म्हणते, दहाची वाट कशाला बघता? लावूच नका.

डीजे नसेल तर गिऱ्हाईक येणार नाही, असं तुमच्यातल्या एका भाच्यानं मला सांगितलं. त्याचं म्हणणं मी टाळत नाही, कारण हप्ते त्याला भरायचे आहेत. पण हिशेब असा मांडून बघ, बाळा. डीजेसाठी येणारा घोळका शनिवारी संध्याकाळी येतो, रविवारी दुपारी जातो, जाताना बाटल्या ओढ्यात टाकतो आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या नव्या ठिकाणी जातो, कारण डीजे सगळीकडे सारखाच. आठवड्याचे बाकीचे दिवस तुझ्या खोल्या रिकाम्या. शांततेसाठी येणारा माणूस मंगळवारीही येतो. म्हातारे आईवडील घेऊन येतो, पुस्तकं घेऊन येतो, पक्षी बघायला दुर्बीण घेऊन येतो, आणि मुक्काम वाढवतो. बेळगाव, हुबळी, पणजी, कोल्हापूर, पुणे, एवढी शहरं तुझ्या अंगणापासून एका दिवसाच्या आत आहेत. अशी माणसं तिथे थोडी नाहीत.

समुद्रकिनाऱ्यावरची आणखी एक गोष्ट सांगते. रोज पहाटे हॉटेलासमोरच्या वाळूवर गावचे कोळी मादेल ओढायचे. आपल्या कोकणातली रापण, तीच. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, तालावरचा आरोळीचा सूर आणि हळूहळू वर येणारं जाळं. हॉटेलाच्या खुर्च्या त्या वाटेत कधी नव्हत्या. जाळं ओढायची जागा गावाची, हे ठरलेलं. पाहुण्यांपैकी कुणी दोराला हात लावला तर कोळी नको म्हणत नसत, पण त्यांचं काम पाहुण्यांसाठी चाललेलं नव्हतं. आपल्याकडे मात्र मी असं पाहिलंय की रिसॉर्टचं कुंपण पडलं आणि देवराईकडे जाणारी, पाणवठ्याकडे जाणारी, गुरांची जुनी पायवाट बंद झाली. जमिनीचा उतारा तुमच्या नावावर असेल, मोजणी बरोबर असेल. तरी ज्या वाटेनं गावची पालखी जाते ती कुंपणात घेऊ नका. गाव नाराज असेल तर पाहुण्याला ते पहिल्या तासात कळतं.

तिथे सगळंच चांगलं आहे असं समजू नका. हिक्कडुवाचं प्रवाळ १९९८ मध्ये समुद्र तापल्यानं पांढरं पडलं, आणि काचेच्या तळाच्या बोटी, पाय देऊन उभे राहणारे हौशी पोहणारे यांनी त्याला सावरू दिलं नाही. मिरिस्साला देवमासे दाखवायला निघालेल्या बोटी त्यांच्या मागे घोळक्यानं धावतात. आणि मला सगळ्यात लागलं ते कोग्गलाजवळ. समुद्रात रोवलेल्या काठीवर बसून मासे धरणारे कोळी जगभरच्या छायाचित्रांत प्रसिद्ध आहेत. आता त्यातले बरेच मासे धरत नाहीत. गाडी थांबली की काठीवर चढतात, फोटो झाला की पैसे मागायला येतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण उद्या आपल्या गवळ्यांना कांबळं पांघरून रिसॉर्टच्या दारात उभं करायचं, आपल्या बायकांना नऊवारी नेसवून आरतीचं ताट हाती देऊन दिवसभर तिष्ठत ठेवायचं, असं कुणाच्या मनात येऊ नये म्हणून हे लिहिते. गवळ्याकडून दूध घ्या, रोखीनं घ्या, वेळेवर पैसे द्या. त्याचं जगणं देखावा म्हणून विकू नका.

अक्काशी एका संध्याकाळी बराच वेळ बोलणं झालं. २००४ च्या २६ डिसेंबरला त्सुनामी आली तेव्हा ती लहान होती. आजोळी, किनाऱ्यापासून आत होती म्हणून वाचली. पेरालियाला त्या दिवशी रेल्वेगाडीच लाटेखाली गेली, हजाराहून जास्त माणसं गेली, ते स्मारक आम्ही पाहिलं होतं. त्यानंतर किनाऱ्यालगत बांधकामाला शंभर मीटरची बंदी आली, मग ती सैल झाली. पुढे २०१९ चे ईस्टरचे बॉम्बस्फोट, मग करोना, मग २०२२ मध्ये देशाचं परकीय चलनच संपलं. पेट्रोलला दिवस-दिवस रांगा, रोज तासन् तास वीज बंद. मी विचारलं, तेव्हा हॉटेल चाललं कसं? ती म्हणाली, आमचं सगळं सामान सायकलच्या अंतरावरचं. भाजी, मासे, नारळ, दही. पंख्याऐवजी खिडक्या उघडल्या. ज्यांचं मांस गोठवून परदेशातून यायचं आणि ज्यांच्या खोल्यांना खिडक्याच उघडत नव्हत्या, ते आधी बंद पडले.

हे ऐकताना मला करोनातला चोर्ला घाट आठवला. सीमेवर बॅरिकेड, बेळगावहून गोव्याला जाणारी भाजी आणि दूध अडलेलं. आपण तीन राज्यांच्या तिठ्यावर राहतो. रस्ता बंद होणं आपल्याला नवं नाही. कधी दरड, कधी रस्त्याचं काम, कधी बंद. गावावर उभं असलेलं हॉटेल अशा वेळी टिकतं.

पाण्याबद्दल मात्र मी विनंती करणार नाही, आग्रहानं सांगणार आहे. मलप्रभा कणकुंबीला, माउलीच्या देवळापाशी उगम पावते आणि पार सौंदत्तीच्या नवीलतीर्थ धरणापर्यंत, पुढे कृष्णेपर्यंत जाते. म्हादईसुद्धा आपल्याच तालुक्यात जन्मते. त्या पाण्यासाठी गोवा आणि कर्नाटक इतकी वर्षं भांडले, २०१० मध्ये लवाद नेमला गेला, २०१८ मध्ये निवाडा आला, तरी भांडण मिटलेलं नाही. आणि त्याच पाण्याच्या उगमाशी आपण जलतरण तलाव बांधून, त्यात क्लोरीन ओतून, शौचालयाची टाकी ओढ्याच्या काठावर खणतोय? जिथे वर्षाचे चार महिने आभाळ फाटतं तिथे जानेवारीपासून टँकर मागवणारी रिसॉर्टं आहेत. छपराचं पाणी साठवा. सांडपाणी कर्दळीच्या आणि केळीच्या वाफ्यातून गाळून बागेला द्या. तलाव ज्यांनी बांधलाय त्यांनी निदान नवा बांधू नये. खाली खानापूर आणि पुढच्या गावांत हेच पाणी लोक पितात.

पावसाळ्याचा प्रश्नही याच्याशी बांधलेला आहे. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर समुद्र उग्र असतो. तेव्हा ती माणसं पाहुण्याला स्वच्छ सांगतात, पोहू नका, किंवा पूर्वेला अरुगम बे, त्रिंकोमालीकडे जा, तिथे आता हंगाम आहे. आपला हंगाम बरोबर त्याच महिन्यांत, आणि आपण ‘धबधब्याखाली भिजण्याचा आनंद लुटा’ असं छापतो. वनखात्याला धबधब्यांवर जायला बंदी घालावी लागते ती अपघातांमुळेच. पाहुण्याला नाही म्हणायला शिका. वाट माहीत असलेला गावातला माणूस बरोबर द्या, आणि पाणी चढलेलं असेल त्या दिवशी त्याचा शब्द शेवटचा असू द्या.

हा गावातला माणूस म्हणजे तुमची खरी पुंजी. त्या हॉटेलातली बहुतेक मंडळी आसपासच्या गावांतली होती. बागकाम करणाऱ्या काकांना प्रत्येक पक्ष्याचं नाव ठाऊक. फलक सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत. ज्या देशात भाषेवरून फूट पडली आणि २००९ पर्यंत युद्ध चाललं, तिथे हे बघून मला बरं वाटलं. आपल्याकडचं पोर घरी मराठी बोलतं, बाजारात कन्नड, घाट उतरला की कोकणी, आणि गोव्यात चार वर्षं काढली असतील तर इंग्रजीसुद्धा. असा माणूस पैसे देऊन शहरात मिळत नाही. कळंगुटला, पणजीला काम करणाऱ्या आपल्या पोरांना बोलवा. हॉटेलचं काम त्यांना येतं, रान त्यांच्या पायाखालचं आहे. पगार गोव्याइतका द्यावा लागेल, राहायला घर त्याचं स्वतःचं आहे. त्यातल्या एखाद्याला व्यवस्थापक करा, वेटरच ठेवू नका. आणि पोरींनाही. अक्का शेतकऱ्याची मुलगी होती.

तुमच्यापैकी काहीजण हे आधीपासून करत आहेत, मला माहीत आहे. झाडं न तोडता, थोड्या खोल्या ठेवून, स्थानिक जेवण देऊन नेटानं चालवतायत. त्यांच्या दाराला मोठी कमान नाही म्हणून त्यांचं नाव कमी ऐकू येतं. नव्यांनी आधी त्यांच्याकडे जाऊन दोन दिवस राहावं, मग नकाशा काढावा.

माझं मागणं एवढंच आहे. पावसाआधी जांबोटीत एकदा सगळे बसा. अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राचे नियम वनखात्याच्या माणसाकडून समजून घ्या, पंचायतीला बोलवा, खानापूरच्या कुंभारांना बोलवा, गवळ्यांना बोलवा. खोल्या किती, दिवे कसे, कचरा कोण नेणार, डीजे नाही म्हणजे नाहीच, हे आपसात ठरवा. एकानं पाळून उपयोग नाही, शेजारचा आवाज डोंगर ओलांडून येतो. स्वयंपाकाची पंगत लावायची असेल तर माझ्या माहेरच्या आणि बेळगावातल्या आमच्या मंडळातल्या बायका यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. पहिल्या पाहुण्या म्हणूनही आम्हीच येऊ, भाडं पुरतं देऊ.

बैठकीची तारीख कळवा. रोपलावणीच्या आधीची धरा, एकदा चिखलणी सुरू झाली की गावात कुणी मोकळं सापडणार नाही.

तुमची,
जांबोटीकडची एक माहेरवाशीण
बेळगाव